गोधडी भिंतीवर टांगायची तं नाव कोणाचं लिहायचं?

पत्र मोठं होतं, त्यातलं कामापुरतं इथं देते:

"मावशी, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. घरी सहा एकर वावर, कपाशी अन् तूर. दुपारी काम नसलं की सासूबाई अन् मी गोधड्या शिवतो. आधी घरापुरत्याच शिवायचो, मग मी त्यात माझ्या मनाचं टाकायला लागली, वावराचे धुरे, पांदण, पऱ्हाटीच्या ओळी असं. मागच्या वर्षी वावरात घालायच्या जुन्या शर्टांची एक मोठी शिवली. भाच्यानं फोटो टाकले तं एका गॅलरीवाल्यांचा फोन आला, पाच गोधड्या प्रदर्शनासाठी घेऊन जातो, पैशाचं नंतर पाहू म्हणतात. नाव फक्त तुमचंच टाकू, एकच आर्टिस्ट बरा दिसतो म्हणतात. शर्टांवरचे डाग तेवढे धुऊन द्या असंही म्हणाले. मिस्टर म्हणतात जाऊ दे, फुकटात नाव होते. सासूबाई म्हणतात, 'अंगावर घ्याची वस्तू भिताडावर टांगता, थंडी काय भिताडाले वाजते काय?' आता मी काय करू?"

पोरी, तुझ्या सासूबाईंचं ते वाक्य मी दोन दिवसांपासून भेटेल त्याला सांगून राहिली. त्यांना माझा नमस्कार सांग, उत्तर देते पुढे.

आधी सरळ सांगते. पाठव, पण पाच नको, तीनच पाठव. आणि गोधडी घराचा उंबरा ओलांडायच्या आधी दोन गोष्टी झालेल्या पाहिजेत, मागच्या बाजूला दोघींची नावं शिवलेली आणि तुझ्या हातात सही केलेला एक कागद. बाकी मी खाली जे काही लिहीन ते तोंडी लावायला.

मी कागदाच्या एवढी मागे का लागते तेही सांगते. बरीच वर्षं झाली, माझ्या आईनं शिवलेली एक वाकळ मी शहरातल्या एका प्रदर्शनाला दिली होती, हिरव्या लुगड्याची, लाल काठाची, चारी बाजूंनी आतमध्ये येणारे धावदोऱ्याचे चौकोन, एकात एक, मधोमध एवढुसा तळहाताएवढा मोकळा भाग. लवकर परत देतो म्हणाले. आली वर्षभरानं, ती पण चौघडी करून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली, घडीवर पांढुरक्या रेघा उमटल्या होत्या त्या अजून गेल्या नाहीत. आणि एका कोपऱ्यात तपकिरी चिकटपट्टीनं थेट कापडावरच चिठ्ठी चिकटवली होती. आईला वाचता येत नव्हतं, तिनं मला विचारलं काय लिहिलंय, मी वाचलं, "विदर्भातील गोधडी, ग्रामीण महिला." आई म्हणाली, "कोन वं हे ग्रामीन महिला?" मला उत्तर देता आलं नाही. चिकटपट्टी काढली तं हिरवा रंग तिच्यासोबत निघाला. भांडायला गेली असती तं हातात काय होतं माझ्या? एक पोस्टकार्ड पण नव्हतं.

आता सासूबाईंचा प्रश्न. हा प्रश्न जगात पहिल्यांदा त्यांनाच पडला असं नाही. न्यूयॉर्कमध्ये व्हिटनी म्युझियम आहे, तिथं १९७१ साली जुन्या अमेरिकन गोधड्या पेंटिंगसारख्या भिंतीवर टांगल्या होत्या, पलंगावरून काढून सरळ भिंतीवर, आणि लोक म्हणाले अरे हे तं मॉडर्न आर्टसारखं दिसून राहिलं. तेव्हापासून गोधडी कला म्हणून म्युझियमच्या भिंतीवर जास्त दिसायला लागली असं म्हणतात. पण त्यातल्या बहुतेक गोधड्या शिवणाऱ्या बायकांची नावं तिथं नव्हती. कोणत्या राज्यातली, अंदाजे किती सालची, एवढंच. माझ्या आईसारखंच झालं की मग. रंग पाहिला, चौकोन पाहिले, हात कोणी पाहिला नाही.

म्हणून सासूबाईंना सांग, थंडी भिंतीला वाजत नाही हे खरं, पण लोक गोधडी पाहायला थांबतात तेव्हा ती कोणी शिवली हे वाचायला पण थांबतात, वाचायला काही लिहिलेलं असलं तर. तेवढ्यासाठी टांगायची. कला आहे का नाही यावर घरात वाद घालत बसू नको, त्यातून काही निघत नाही, संध्याकाळच्या भाकरी मात्र उशिरा होतात.

तुझ्या शर्टांच्या गोधडीवर येते. फोटो मी फोनवर मोठे करकरून पाहिले. आपल्याकडे बाया निंदायला, वेचायला जाताना लुगड्यावरून नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतात, त्याच शर्टांचे हे तुकडे. तू बटनपट्ट्या तशाच ठेवल्या, एका खिशाची शिवण उसवलेली आहे तीही तशीच, आणि त्या खिशाच्या खाली खर्ऱ्याचा डाग आहे ना? मला तं तसंच वाटलं. पाठीच्या भागाचं कापड विटून पांढरं पडलंय आणि खिशाच्या मागचं मूळ निळं तसंच राहिलं, तर तू तो खिसा काढून बाजूला लावला आणि खालचा निळा चौकोन उघडा ठेवला. हे तुला कोणी शिकवलं? कोणी नाही, माहीत आहे मला. किती वर्षं ऊन लागलं ते त्या एका चौकोनात दिसते.

तुझ्यासारखीच एक गोधडी अमेरिकेत आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं खेडं आहे, कापसाचंच गाव, तिथले लोक गुलामीत कापूस पिकवणाऱ्यांचे वंशज. मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा गेला तेव्हा तिनं १९४२ साली त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, पांघरून त्याची आठवण राहावी म्हणून. तिच्या मुलीनं ही गोष्ट पुढे सांगितली. कपडे विटलेले, गुडघ्याचे भाग गडद-फिक्के, सगळं दिसते. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. त्या गावच्या बायकांच्या गोधड्या २००२ साली आधी ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग त्याच व्हिटनीत लागल्या, यावेळी नावानिशी. २००६ मध्ये अमेरिकेच्या पोस्टानं त्यांची तिकिटं काढली. म्हणून तुझ्या त्या गॅलरीवाल्यांना सांग, डाग धुणार नाही. बिलकुल नाही. आणि जुनं कापड एकदा साबणाच्या पाण्यात गेलं की कोणता रंग कोणत्या तुकड्यात उतरेल याची गॅरंटी तो गॅलरीवाला घेणार आहे का? धूळ असेल तर सावलीत पसरव, वरून जाळीदार कापड धरून हलक्या हातानं ब्रश फिरव, बस. उन्हात टाकू नको, आपलं एप्रिल-मेचं ऊन रंग खाऊन टाकते.

पण जीज बेंडची गोष्ट मी इथंच थांबवली तर तुला फसवल्यासारखं होईल. नाव झालं, तिकिटं निघाली, डिझाइनच्या सतरंज्या आणि काय काय निघालं, आणि २००७ मध्ये त्यातल्या काही बायका पैशावरून आणि हक्कावरून कोर्टात गेल्या. २००८ मध्ये ते मिटलं. कोण खरं कोण खोटं ते मी सांगायला बसली नाही. मला एवढंच म्हणायचं की "पैशाचं नंतर पाहू" या वाक्यातला तो "नंतर" असाच येतो, वकील सोबत घेऊन. तुझे मिस्टर फुकटात नाव होते म्हणतात ना, त्यांना विचार, कापूस कधी "नंतर पाहू" म्हणून गाडीत भरून दिला होता का कोणाला? दिला असेल तं त्याचं काय झालं तेही विचार.

कागद एक पानाचा पुरे, मराठीतच लिही, वकिली भाषा नको. कोणत्या गोधड्या दिल्या, प्रत्येकीचं नाव, साल, कशाची आहे, लांबी-रुंदी, आत्ताची अवस्था कशी आहे (उसवलेला खिसा मुद्दाम आहे हे पण लिही, नाही तं कोणी शिवून पाठवील, हसू नको, असं होते), कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत त्यांच्याकडे राहील, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, हरवली, जळली, भिजली तर किती रुपये देणार, विमा घराच्या खुंटीपासून परत घराच्या खुंटीपर्यंत आहे का फक्त तिथं टांगलेली असतानाचा, विकली गेली तर गॅलरीचा हिस्सा किती आणि तुझे पैसे किती दिवसांत, आणि फोटो कशासाठी वापरणार. शेवटचं महत्त्वाचं. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात फोटो ठीक, पण त्यावरून पिशव्या, कॅलेंडर, चादरी छापायच्या असतील तर वेगळा करार. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. गोधडी विकली म्हणजे तिचं डिझाइन पण आपोआप विकलं असं होत नाही. पण तू न वाचता सही केलेल्या कागदात ते लिहिलेलं असलं तर मग लेखी झालंच ना. म्हणून त्यांचा कागद आला तर एक रात्र घरी ठेव, भाच्याला वाचायला लाव, आणि दोन प्रती कर.

किंमत. इथं आपल्या बायका सगळ्यात जास्त फसतात, कारण "घरच्या चिंध्यांची तं आहे" हे आपणच आधी म्हणून मोकळ्या होतो. तू लिहिलं शर्टांच्या गोधडीला तीन महिने लागले, दोघी मिळून रोज साधारण तीन तास. म्हणजे ९० दिवस, ३ तास, दोन बायका, झाले ५४० तास. आठ तासांचा एक रोज धरला तर साडेसदुसष्ट रोज. आता तुमच्याकडे निंदणाची रोजी समजा ३०० आहे, तर वीस हजार अडीचशे रुपये ही नुसती मजुरी झाली. तुझं डोकं त्यात नाही, कापड नाही, दोरा नाही, डोळ्यांचा नंबर वाढला तो नाही. बऱ्याच गॅलऱ्या विक्रीतले ४० ते ५० टक्के ठेवतात, ते काही पाप नाही, त्यांना भाडं आहे, लाइट आहे. पण अर्धे त्यांचे असतील तर साडेचाळीस हजाराला विकली तेव्हा कुठं तुमच्या दोघींची निंदणाची मजुरी निघते. याच्या खाली यायचं नाही. आणि एकदा ठरवली की तीच किंमत घरीही सांगायची. गॅलरीत पन्नास हजार आणि गावात नणंदेच्या मैत्रिणीला तीन हजारात असं चालत नाही, गॅलरीवाल्याचंही नुकसान अन् तुझंही. मैत्रिणीला साधी शिवून दे ना, ती वेगळी गोष्ट.

टांगायचं कसं ते ठरवायचं काम त्यांच्यावर सोडू नको. परकराला नेफा असतो ना, तसाच चार इंची नेफा गोधडीच्या मागे वरच्या काठाला हातानं शिवायचा, टाके फक्त अस्तर आणि मधल्या थरात घ्यायचे, समोरून एकही दिसला नाही पाहिजे. दोन्ही टोकांना इंच-इंच आखूड ठेव, आणि थोडा सैल ठेव, म्हणजे आत पट्टी घातली की फुगवटा मागेच राहतो, पुढे पोट येत नाही. त्यातून लाकडाची चपटी पट्टी जाते, पट्टीवर धुतलेलं कापड गुंडाळ, कच्चं लाकूड कापडाला पिवळं करते. असं केलं की सगळं वजन वरच्या पूर्ण काठावर सारखं वाटल्या जाते. खिळे नाही, चिमटे नाही, कोपऱ्याला दोरी तं अजिबात नाही. जुन्या शर्टाचं कापड आधीच विरलेलं, दोन कोपऱ्यांवर सगळा भार आला तर महिनाभरात फाटेल.

पाठवताना घडी नको, गुंडाळी कर. कापडाच्या दुकानात ताग्याच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या पडलेल्या असतात, मागितल्या तर देतात. नळीवर धुतलेली जुनी मलमल गुंडाळ, मग गोधडी, समोरची बाजू बाहेर ठेवून, म्हणजे सुरकुत्या पडल्याच तर अस्तराला पडतील. वरून पुन्हा कापड. प्लास्टिक फक्त प्रवासापुरतं, पाऊस लागू नये म्हणून, पोचल्यावर लगेच काढायला सांग, आत दमट होऊन बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या टाकू नको. कडुनिंबाचा पाला टाकायचाच असेल तर वाळलेला, कापडाच्या पुरचुंडीत, गोधडीला न लागता, कारण पाल्याचा पण डाग पडतो.

आणखी एक, तिथं उद्घाटनाला गेलीस आणि गोधडी अंधारात टांगलेली दिसली तर वाईट वाटून घेऊ नको. म्युझियमवाले कापडावर उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवतात, आपल्या सपरीत दिवस मावळताना असतो तसा मंद, कारण उजेडानं गेलेला रंग परत येत नाही. चांगल्या ठिकाणी काही महिन्यांनी कापड खाली उतरवून विश्रांतीला पण ठेवतात. उलट स्पॉटलाइट झकास मारलेला दिसला तर तू विचार, बाप्पा हे किती दिवस असंच ठेवणार? कापड समजणारा माणूस असेल तर ओशाळेल.

त्याआधी एक काम कर, सासूबाईंना घेऊन वर्ध्याला मगन संग्रहालय पाहून ये. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालं, खादी, चरखे, खेड्यातली अवजारं सगळं मांडलेलं आहे. आपल्या घरातली वस्तू काचेत किंवा चौथऱ्यावर ठेवली की कशी दिसते, खालची पाटी कशी लिहितात, हे त्यांनी एकदा डोळ्यानं पाहिलं की भिताडाचा प्रश्न अर्धा सुटेल. नाही सुटला तर निदान दोघींची सहल होईल, तुझ्या पत्रावरून तुम्ही दोघी गावाबाहेर एकत्र कधी गेल्यासारख्या वाटत नाही.

आता नाव. "एकच आर्टिस्ट बरा दिसतो" हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. कोणाला बरा दिसतो? फेथ रिंगगोल्ड नावाची मोठी चित्रकार होऊन गेली, गोष्टी सांगणाऱ्या गोधड्यांसाठी जगभर नाव झालं तिचं. तिनं पहिली गोधडी १९८० साली केली ती आईसोबत, आई कपडे शिवणारी, विली पोझी नाव, आणि ते नाव आजही त्या गोधडीसोबत लिहिल्या जाते. चित्रकार पोरगी, शिवणारी आई, दोघींचं नाव, आणि कोणाचं काही कमी झालं नाही. तुमचंही तसंच आहे. कल्पना तुझी, धुरे-पांदण तुझी, रंगाची जुळवणी तुझी, पण पत्रात तूच लिहिलं की बारीक धावदोरा सासूबाईंचा, तुझा टाका अजून वाकडा जाते. मग तसंच लिही, "रचना" म्हणून तुझं नाव, "शिवण" म्हणून दोघींचं. गॅलरीवाला कुरकुरला तर कुरकुरू दे. त्याला खरंच गोधड्या पाहिजे असतील तर दोन नावांची पाटी छापायला त्याला काही जास्त पैसे पडत नाहीत.

सिद्दी लोक ऐकलेत ना, उत्तर कन्नडच्या जंगलातले, त्यांच्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंद म्हणतात, आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला म्हणतात फुला. फुला नसेल तर कवंद उघडी, नागडी, असं त्या मानतात. मला नाव तसंच वाटते. मागच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा घे, वीतभर, त्यावर नावं, गाव, साल, "वावरात घातलेले जुने शर्ट, सुती दोरा" असं लिहून चारी बाजूंनी शिवून टाक. बॉलपेनची शाई पसरते, म्हणून पेन्सिलनं लिहून वरून दोऱ्यानं भरायचं. चिकटपट्टी लावणाऱ्याला पण मग जागा उरत नाही.

सासूबाईंना लिहिता येत नाही असं तू म्हटलंय. अक्षरं तू पेन्सिलनं काढ, टाके त्यांनाच घालू दे, त्यांच्या नावावरचेही आणि तुझ्या नावावरचेही, त्यांचा हात सरळ आहे. अंगठा कागदावर घेतलास तरी चालेल, पण गोधडीवर नाव असलं पाहिजे.

आणि तीनच का म्हटलं ते राहिलं. दुसऱ्या फोटोत मागे बाजेवर जी जांभळी-पिवळी घडी करून ठेवलेली दिसते, पोराच्या उशाशी, ती त्या पाचात मोजलेली आहे का? असेल तर काढ. आणि तुझ्या लग्नातल्या शालूचा तुकडा लावलेली पण काढ. हिवाळ्यात पांघरायला काय घेशील मग. शर्टांची, धुऱ्यांची आणि पांदणीची, या तीन दे. नेफा शिवून झाला की मागच्या बाजूचा फोटो पाठव, मला टाके पाहायचे आहेत.